विहीणबाईंनी टाळी वाजवली नाही

भोपाळ,
५ नोव्हेंबर १९७९

सौ. रत्नप्रभाताई यांस,
शारदा मुळ्ये हिचा सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेले चिरोटे पोचले आणि एकही मोडला नव्हता. आमच्या ह्यांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, "इंदूरची मंडळी पॅकिंग आमच्या कारखान्यापेक्षा बरं करतात." साखरपुड्याला तुम्ही अनुराधेला जवळ बसवून घेतलंत, तिच्या पाठीवरून हात फिरवलात, तेव्हापासून पोरगी घरभर गुणगुणत फिरते आहे. अरविंदरावांसारखा जावई मिळाला हे भाग्यच, पण अशी सासू मिळाली म्हणून मला रात्रीची झोप लागते, हे अगदी मनापासून लिहिते.

आता एक अडचण. लग्न नऊ डिसेंबरला कॉलनीच्या हॉलमध्ये, त्यात काही बदल नाही. पण आदल्या दिवशी शनिवारी संध्याकाळी तो हॉल कारखान्याने घेतला आहे. वर्धापनदिनानिमित्त मुंबईहून मोठा ऑर्केस्ट्रा यायचा आहे. मॅनेजमेंटपुढे आमचं काय चालणार! म्हणून सीमांतपूजन शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात करू, आणि सातऐवजी नऊला. मांडव, रोषणाई, सगळं करू. वरपक्षाला काही कमी पडणार नाही.

आणखी एक. आमच्याकडे वधूचा चुडा लग्नाच्या दिवशी पहाटे भरतात, आधी नाही. जुनी पद्धत आहे, मोडवत नाही. तुम्ही समजून घ्याल.

व्याह्यांना नमस्कार सांगा.

तुमची,
शारदा मुळ्ये

---

इंदूर,
१२ नोव्हेंबर १९७९

प्रिय शारदाताई,
सप्रेम नमस्कार.

सीमांतपूजन व्हरांड्यात करा, नाहीतर शाळेच्या मैदानात करा, आम्ही येऊ आणि पाय धुऊन घेऊ. पण चुड्याची तुमची पद्धत आमच्या पद्धतीच्या बरोबर उलटी निघाली बघा! आमच्याकडे चुडा सासरचा असतो आणि तो तीन दिवस आधी भरतात. माझ्या सासूबाईंनी मला पाठवला होता, मी अनुराधेला पाठवणार. कुणाची पद्धत वरचढ हे ठरवायला मी वरमाय आहे, एवढं पुरे! रागावू नका, थट्टा करते आहे. मला मुलगी नाही, चुडा भरायची हौस मी कुणावर भागवायची?

ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर आमच्या धाकट्या जाऊबाई, विजया, नाचायच्याच बाकी राहिल्या आहेत. इथे गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो, चमचमते कोट घालून सिनेमाची गाणी म्हणतो. अरविंदला विचारलं तर "तसला नाही गं आई" एवढं बोलून पेपरात तोंड खुपसून बसला, बापासारखाच. ते काही असो, आम्हा दोघींना पास ठेवा.

अनुराधा व्हायोलिनसारखं काही वाजवते असं बघायला आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात. तेव्हा ऐकायचं राहूनच गेलं. आता घरीच ऐकीन.

हे तुमच्या यशवंतरावांना नमस्कार सांगतात.

तुमची,
रत्नप्रभा पागे

---

भोपाळ,
२२ नोव्हेंबर १९७९

सौ. रत्नप्रभाताई यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून हसले. तो ऑर्केस्ट्रा खरंच सिनेमाच्या गाण्यांचा नाही. विलायती शास्त्रीय वाजवणारे साठ-सत्तर लोक आहेत, शंभर वर्षांपूर्वीच्या लांबलचक रचना, गाणारं कुणीच नाही. प्रवासाने दमलेल्या असताना तुम्ही तिथे अवघडून बसाल. शिवाय पासही संपले. आमच्या शेजारच्या सरोजताईंचे यजमान कमिटीत आहेत, पण त्यांनासुद्धा मिळाला नाही. तुम्ही गेस्ट हाउसवर आराम करा, मी गरम पाण्याची आणि चहाची सोय चोख ठेवते.

चुड्याचं तुम्ही गमतीत लिहिलंत असं धरून चालते. पहाटेच भरू या, एवढं माझं ऐका.

तुमची,
शारदा

---

भोपाळ,
६ डिसेंबर, संध्याकाळ

रत्नप्रभाताई,

हे पत्र तुमच्या मीनाबाई कासारणीच्या हाती देते आहे. त्या उद्या पहिल्या बसने परत निघतील.

आज सकाळी मी नारळ आणायला बाजारात गेले होते. परत आले तर आमच्या व्हरांड्यात शेजारणी जमलेल्या, मध्ये पाटावर अनुराधा, आणि तिची दोन्ही मनगटं हिरवीगार. मीनाबाई म्हणाल्या, "बाईसाहेबांनी कसम घातली होती, मुलीच्या आईला पत्ता लागू देऊ नको. देखो, कशा घट्ट भरल्यात, एक पण नाही तडकली." सगळ्या हसत होत्या. अनुराधाही हसत होती, पण माझ्याकडे बघेना.

आता खरं लिहिते. शनिवारच्या कार्यक्रमात अनुराधा वाजवणार आहे. मागे कुठे बसून नाही, सगळ्यांच्या पुढे, आणि अख्खा वाद्यवृंद तिच्या साथीला. तिच्या वाद्याला चेलो म्हणतात. व्हायोलिनच्याच घरातलं, पण जवळजवळ माणसाएवढं. ते जमिनीवर टेकवून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरावं लागतं. पूर्वी कॉलनीत परदेशी इंजिनिअर असत, त्यांतल्या मिसेस विल्कॉक्सनी तिला लहानपणी शिकवलं आणि मायदेशी जाताना आपला चेलो तिलाच देऊन गेल्या. मग चार वर्षं ती मुंबईला मामाकडे राहून एका गोव्याच्या मास्तरांकडे शिकली. कॉलनीची मुलगी मुंबईच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणार, म्हणून तर हा कार्यक्रम इथे ठरला.

तुम्हाला का सांगितलं नाही? उज्जैनचं एक स्थळ ठरत आलेलं यावरूनच मोडलं. "मुलगी चारचौघांत पाय पसरून वाजवते," असं त्यांनी मध्यस्थांना सांगितलं. अनुराधा महिनाभर चेलोला शिवली नाही. त्यानंतर मी जो येईल त्याला "व्हायोलिनसारखं काहीतरी" म्हणू लागले. अरविंदरावांना तिने सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, आईला मी सांगतो. सांगितलेलं दिसत नाही. पहाटे चुडा भरायची पद्धतही मीच बनवली. कार्यक्रम होऊन जावा आणि मग चुडा भरावा, एवढाच हेतू होता.

आज दुपारी तालीम झाली. तिचा डावा हात तारांवर वरखाली पळतो आणि उजव्या हातात गज. प्रत्येक सुरावर बांगड्यांची किणकिण. त्यांचे जर्मन कंडक्टर दोनदा थांबले. कुणीतरी म्हणालं, फोडून टाका. अनुराधेने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "सासूबाईंनी हौसेने भरलाय. लग्नाआधी मी उतरवणार नाही." त्यांच्याकडे मुंबईचा दुसरा एक वादक तयार आहे, तो वाजवील. तिने तसं सांगूनही टाकलं. घरी आल्यापासून ती भाजी निवडते आहे.

काय मागावं तेच कळत नाही. उतरवू द्या म्हणायला जीभ रेटत नाही, कारण लग्नाच्या तोंडावर नवरीचे हात रिकामे कसे करायचे? आणि नको म्हणायलाही रेटत नाही, कारण हा एक दिवस गेला तर हिला पुन्हा कोण बोलावणार? तुम्ही सांगाल तसं करू. राग आला तर माझ्यावर काढा, तिच्यावर नको.

शारदा

---

गेस्ट हाउस,
शनिवार, दुपार

शारदाबाई,

पत्र मिळालं. आम्ही चौघं मोटारीने पुढे आलो आहोत. बाकीचं वऱ्हाड संध्याकाळच्या गाडीने येईल. त्यांच्या चहापाण्याचं तुम्ही जातीने बघा, शाळेवरून हलू नका. हॉलवर मी जाते. अनुराधेशी मला बोलायचं आहे. तुम्ही मध्ये पडू नका.

रत्नप्रभा पागे

---

भोपाळ,
१४ डिसेंबर १९७९

सौ. रत्नप्रभाताई यांस,
सादर नमस्कार.

मुलगी सासरी गेली आणि घर खायला उठलं आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. पाच दिवस लिहू की नको करत होते.

तुमची चिठ्ठी मी तीनदा वाचली. तुम्ही सांगितलंत तशी शाळेवरून हलले नाही. तुमच्या मंडळींना चहा, पोहे, हातपाय धुवायला पाणी देत होते, आणि भिंतीपलीकडच्या हॉलमधून काहीतरी वाजताना ऐकू येत होतं. पण स्टोव्हच्या आवाजात ती वाजवते आहे की मुंबईचा मुलगा, तेही मला कळलं नाही. तिनेच वाजवलं, हे मागून समजलं. ती चुडा घालूनच सीमांतपूजनाला आली. मी डोळ्यांनीच विचारलं, तर मानेनेच म्हणाली, नंतर. ते नंतर आलंच नाही.

कार्यक्रमात काय झालं ते मला सरोजताईंनी सांगितलं. (त्यांना पास मिळाला नाही असं मी लिहिलं होतं, तेही खोटंच.) म्हणाल्या, "भाभीजी, बाकी सब बढ़िया था, पर आपकी समधन पहिल्या रांगेत अशी बसली होती जैसे कोई सज़ा काट रही हो. दोन्ही हात शालीत, चेहरा लाल. सारा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतोय आणि त्यांनी एक टाळी नाही वाजवली." दुसऱ्या दिवशी पंगतीत तुम्ही जिलबीला नाही म्हणालात. मठ्ठ्याची वाटीसुद्धा तुम्ही डाव्या हाताने बाजूला सारलीत. विहिणीची पंगत, आणि विहीण रुसलेली. मी सगळ्यांसमोर हसत होते, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

रागावण्यासारखंच मी वागले. सोयरिकीची सुरुवात मी लपवाछपवीने केली. पण अनुराधेला त्याची झळ लागू देऊ नका. चेलो मी तिच्याबरोबर पाठवला नाही, तुमच्या ध्यानात आलंच असेल. जुन्या रजईत गुंडाळून कपाटाच्या मागे ठेवला आहे. तिने निघताना त्या कपाटाकडे एकदा बघून घेतलं, मागितला मात्र नाही. तुमच्या घरात ती तो विषय काढणार नाही, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

तुमची अपराधी,
शारदा

---

इंदूर,
२० डिसेंबर १९७९

शारदाताई,

अहो, किती छळाल स्वतःला! तुमचं पत्र वाचून आधी मला हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला. ती चिठ्ठी तशी लिहिली कारण विजया माझ्या खांद्यावरून वाचत होती. चुडा उतरवायचा म्हटलं असतं तर तिने तिथेच कपाळाला हात लावला असता आणि रात्रीपर्यंत साऱ्या वऱ्हाडात बोभाटा झाला असता. तुम्हाला शाळेवर ठेवलं कारण तुम्ही आला असता तर रडला असता, तुम्ही रडला असता तर मीही रडले असते, आणि मग पोरीने वाजवायचं कधी? अनुराधेलाही मी शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. ती पोरगी इतकी इमानी निघेल की आईलाही सांगणार नाही, हे मला काय ठाऊक!

आता नीट ऐका. तुमचं पत्र घेऊन मीनाबाई आली, तिला मी घरी जाऊच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तशीच मोटारीत घातली. हॉलच्या मागच्या खोलीत अनुराधा कोपऱ्यात बसली होती, आणि तो मुंबईचा मुलगा कोट घालून उभा. मी म्हटलं, "ऊठ, हात पुढे कर." ती म्हणाली, "नको आई, अशुभ असतं." म्हटलं, "अशुभ काय ते मला विचार, मी सासू आहे."

मीनाबाईने साबणाच्या पाण्यात एकेक बांगडी काढली, एकही फुटू दिली नाही. पण काढलेल्या बांगड्या ताटात ठेवायची वेळ आली, आणि खरं सांगते, माझंही मन धजेना. नवरीचा चुडा रिकामा कसा ठेवायचा? तो सुवासिनीच्या हातात असू दे, असं मनात आलं, आणि मी माझेच हात पुढे केले. मीनाबाई म्हणाली, "बाईसाहेब, तुमचे हात बघा तरी, ये नहीं जायेंगे." माझं मनगट तुम्ही बघितलं आहेच. पण निम्मा साबण संपवून तिने चढवल्या. माझा जीव निघाला. अनुराधा हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच.

मग मी पुढे जाऊन बसले. विजयेला दिसू नये म्हणून हात शालीत. बांगड्या इतक्या रुतल्या होत्या की जरा हालवलं तर करकरायच्या.

आणि शारदाताई, तुमची मुलगी आली. हिरवी नऊवारी नेसून, रिकामी मनगटं विजयेला दिसू नयेत म्हणून लांब बाह्यांचं पोलकं घालून आली, खुर्चीवर बसली आणि तो चेलो असा घेतला की बघणाऱ्याला काही वावगं वाटूच नये. नऊवारीत ते किती सोपं! उज्जैनवाल्यांना ते सुचलंच नाही. विजया माझ्या कानात किंचाळली, "अगं बाई, ही तर आपली!"

सगळे वाजवायला लागले आणि ही नुसतीच बसली. गज मांडीवर, नजर खाली. कितीतरी वेळ. मला वाटलं, पोरगी घाबरली, आता उठून जाते. मग तिने गज तारेवर ठेवला आणि इतका खालचा, भरलेला आवाज निघाला की खुर्चीचा दांडा माझ्या कोपराखाली घुमला. एवढे सगळे कर्णे, ढोल, व्हायोलिनं तिच्या पाठीशी उसळत होती आणि ही एकटी त्यांना पुरून उरत होती. मला त्यातलं काही कळत नाही. पण मधे एक संथ भाग आला. तिथे सगळे जवळजवळ गप्प झाले, एक बासरी आणि ही, दोघीच. ही एक ओळ म्हणायची, बासरी तिला जवाब द्यायची. मला माझी आई आठवली. ती काही गात नसे, तरी आठवली. डोळ्यांतून धार लागली, आणि पुसायला हात कुठे होते? तशीच वाहू दिली. तो तुमच्या सरोजताईंचा लाल चेहरा.

शेवटी सगळे उठले, टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही हात वर करू गेले, तर एक बांगडी बोलली. मी तिथेच थांबले. माझ्या एका टाळीपायी तिचा चुडा फुटला असता तर! सगळ्या हॉलमध्ये मी एकटी दगडासारखी उभी होते, आणि ती वाकून नमस्कार करताना माझ्याकडेच बघत होती. तिला ठाऊक होतं.

नंतर सीमांतपूजनाआधी बांगड्या माझ्या हातातून काढून पुन्हा तिच्या हातात भरताना मीनाबाईला घाम फुटला. उजवा हात असा सुजला की दुसऱ्या दिवशी घास धरवेना. जिलबी मला किती आवडते हे आमच्या ह्यांना विचारा. तुमच्या पंगतीत ती नाकारताना मी रुसले नव्हते हो, कळवळत होते.

आता माझं भांडण. मला चोरून पद्धत बनवलीत ते सोडून दिलं, पण चेलो कपाटामागे ठेवलात हे सोडणार नाही. मुलगी इथे नीट आहे, सगळ्यांना धरून आहे, तुमच्या ह्यांच्यासारखीच कमी बोलते. पण दुपारी सामसूम झाली की माजघरात बसते आणि डाव्या हाताची बोटं उजव्या दंडावर दाबत राहते, एकेक, भराभर. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो आई, सवय." मला ते बघवत नाही. स्वतःच्याच घरात तिने असं चोरून वाजवलेलं बघवत नाही, शारदाताई! पुढच्या खोलीतून ह्यांची आरामखुर्ची मी काल हलवली. हे कुरकुरले, पण आज स्वतःच एक खुर्ची आणून ठेवली, बिनहातांची. अरविंदने सांगितलं तशीच लागते म्हणून.

तुमचं ऐकणं माझ्यामुळे राहिलं हे मला तुमच्या पत्रातून कळलं आणि तेव्हापासून चैन नाही. चेलो पार्सलने पाठवू नका. तुम्ही स्वतः घेऊन या आणि चार दिवस राहा.

तुमची,
रत्ना

---

भोपाळ,
२४ डिसेंबर १९७९

रत्नाताई,

पत्र ह्यांना वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच ह्यांच्या हातात दिलं, मला पुढे वाचवेना. ते वाचून ह्यांनी उठून कपाट सरकवलं. आता चेलो दिवाणखान्यात उभा आहे आणि हे त्याच्या पेटीच्या बिजागरीला तेल घालून बघताहेत.

शनिवारी सकाळच्या बसने निघतो, दोघंही. चेलो टपावर टाकणार नाही, आमच्या मध्ये सीटवर बसेल.

राहायचं तेवढं म्हणू नका. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी अन्न घ्यायचं नाही, असं माझ्या आईने पाळलं, मीही पाळणार. हसू नका, ही पद्धत खरी आहे, मी बनवलेली नाही. आमचा डबा आम्ही आणू आणि मुक्काम माझ्या चुलतबहिणीकडे करू. पण जेवायचं नाही एवढंच आहे. ऐकायचं नाही असं मला कुणी सांगितलेलं नाही.

अनुराधा इथे रोज वाजवायची. मी स्वैपाकघरात असायची. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, फोडणी, त्यातून जेवढं कानावर येईल तेवढं इतकी वर्षं ऐकलं. "आई, जरा येऊन बस ना," म्हणायची. मी म्हणायची, आले हं, एवढी पोळी होऊ दे. कधी गेले नाही.

मला तिच्या समोर बसवा.

तुमची,
शारदा